बांधावा की बदलावा?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भिलईच्या नंदिनी रोडवरील एका लहानशा कारखान्यात आम्ही एका लोखंडी टेबलासमोर बराच वेळ उभे होतो. टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले होते आणि त्यावर आमच्या काँटेसा मोटारीचा गिअरबॉक्स सुटा करून मांडला होता. दोन शाफ्ट, लहानमोठी दातेरी चक्रे, पितळेची झिजलेली कडी, डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या व स्प्रिंगा, आणि शेजारी तेलाने काळवंडलेली रिकामी पेटी. साठी उलटलेल्या उस्तादांनी एक चक्र उजेडात धरून बोटाने त्याचे दाते चाचपले व ते म्हणाले, "बाँध लेंगे, साहब." त्यांच्याच हाताखाली तयार झालेला तरुण कारागीर हात पुशीत पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "किती दिवस बांधत राहाल? पाच गिअरचा बसवून टाका." तो मूळचा गोंदियाकडचा असल्यामुळे आमच्याशी मराठीत बोलतो. उस्ताद हसले, परंतु रागावले नाहीत. निर्णय आम्ही करावयाचा होता.

आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घरी आलो. खर्चाचा हिशेब होताच. परंतु आमचे पाय अडले ते निराळ्या कारणाने. ही मोटार १९८५ सालची. आमच्या वडिलांनी ती १९९४ साली, पोलाद कारखान्यातून निवृत्त होताना, दुसऱ्याकडून विकत घेतली. १९६० साली ते नागपूरहून येथे आले आणि रेल मिलमध्ये लागले, तेव्हा त्यांच्याजवळ एक सायकल होती. चौतीस वर्षांच्या नोकरीअंती घेतलेली ही मोटार त्यांनी पुढे वीस वर्षे चालविली. आज ते नाहीत. गिअरच्या दांड्यावरील गोल मूठ मात्र त्यांच्या तळहाताने जशी गुळगुळीत केली तशीच आहे. त्या मुठीखाली काय असावे, जुने की नवे, असा हा प्रश्न होता. तो सोडविण्यापूर्वी गिअरबॉक्स ही वस्तू जगात आली कशी आणि आमच्या गावापर्यंत पोचली कशी, हे पाहावे असे आम्हांस वाटले. तोच शोध येथे मांडीत आहोत.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचा स्वभाव बैलाच्या उलट आहे. उभ्या बैलास चढावर जोर लावावयास सांगितले तर तो मान खाली घालून लावतो. इंजिन मात्र मंद फिरत असता दुबळे असते. त्याच्या अंगी बळ येते ते मिनिटास हजारदोन हजार फेरे झाल्यावर. म्हणून इंजिन वेगाने फिरावे आणि चाक सावकाश फिरावे, अशी तजवीज मोटार जागची हलविताना व चढावर करावी लागते. सपाटीवर याच्या उलट हवे असते. लहान चक्राने मोठे चक्र फिरविले की वेग घटतो व जोर वाढतो, हे तत्त्व आपल्या रहाटाइतके जुने आहे. मोटारीत प्रश्न होता तो चालता चालता चक्रांची जोडी बदलण्याचा.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीस ही सोय नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्यास न विचारता, त्या गाडीने मानहाइमहून फॉर्झहाइमला गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. सपाटीवर गाडी ठीक चालली. चढ आला की मुलांना उतरून ढकलावी लागे. परत आल्यावर बेर्टाबाईंनी जी गाऱ्हाणी सांगितली त्यांत चढासाठी आणखी एक गती हवी, हे मुख्य होते, आणि बेंझ यांनी ती पुढे बसविली. मोटारीच्या इतिहासातील ही सुधारणा प्रयोगशाळेत सुचलेली नव्हे; ती चढावर घाम गाळणाऱ्या कुटुंबाची मागणी होती.

आज आपण ज्यास गिअरबॉक्स म्हणतो त्याचा पाया फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर यांनी १८९० नंतरच्या चारपाच वर्षांत घातला. पुढे इंजिन, मागे क्लच, त्यामागे शाफ्टवर सरकणारी दातेरी चक्रे आणि शेवटी मागची चाके, ही मांडणी त्यांच्या पान्हार आणि लेव्हासोर कंपनीच्या गाड्यांत रूढ झाली व पुढे बहुतेक सर्व जगाने ती उचलली. तीत एक कठीण दोष होता. दोन निरनिराळ्या वेगांनी फिरणारी चक्रे एकमेकांत सारली की दात दातांवर आपटत. तो आघात टाळण्यासाठी चालक क्लच दाबून गिअर मध्ये आणी, क्लच सोडून इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवी, पुन्हा क्लच दाबी आणि मग पुढचा गिअर घाली. ज्याचा कान तयार नसे त्याच्या गाडीचा कर्कश आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मोटार चालविणे ही त्या काळी खरोखरच एक विद्या होती.

ही विद्या अनावश्यक करणारा शोध अमेरिकेत अर्ल टॉमसन यांनी लावला आणि १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींत तो प्रथम आला. त्यास सिंक्रोमेश म्हणतात. कल्पना सोपी आहे. दाते एकमेकांत शिरण्यापूर्वी पितळेचे एक शंकूच्या आकाराचे कडे चक्राच्या तशाच आकाराच्या अंगावर घासते. घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो, आणि मगच दाते निमूटपणे बसतात. आमच्या टेबलावर पडलेली पितळी कडी ती हीच. दुसऱ्याचा धक्का आपल्या अंगावर घेणे हेच त्यांचे काम असल्यामुळे गिअरबॉक्सात प्रथम झिजतात तीही हीच.

सिंक्रोमेश आला तरी तो सर्व गिअरांना लगेच मिळाला नाही. पहिला गिअर उभ्या गाडीतच घालावयाचा, मग त्यास या चोचल्याची गरज काय, असा इंग्रज कारखानदारांचा हिशेब होता. त्यामुळे मॉरिस व ऑस्टिन यांच्या एकत्रीकरणातून झालेल्या कंपनीच्या चार गतींच्या गिअरबॉक्सात दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरला कडी असत. पहिला तसाच उघडा. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली आपली ॲम्बॅसडर कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे १९५७ च्या सुमारास तयार होऊ लागली, तेव्हा हा हिशेबही तिच्याबरोबर भारतात आला. ॲम्बॅसडर चालविलेल्या जुन्या पिढीस तो आठवत असेल. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिल्यास हात लावावयाचा नाही, असे प्रत्येक शिकाऊ चालकास बजावले जाई.

त्या दिवसांत ॲम्बॅसडरचा आणि मुंबईच्या फियाटचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही फियाट बाहेर पडे. दांडा वर घेतल्याने पुढचे आसन सलग राहते आणि चालकाशेजारी आणखी दोघे बसू शकतात; आपल्या कुटुंबांना व टॅक्सीवाल्यांना ही सोय मोलाची होती. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. परंतु प्रीमियर कंपनीला स्वतःलाच जुन्या यंत्राची मर्यादा फार आधी कळली होती. १९८५ मध्ये तिने '११८ एन.ई.' ही मोटार आणली, ती इटालियन अंगाची व जपानी अंतःकरणाची. इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही निस्सानच्या घडणीचे. कुर्ल्याने जे केले तेच पुढे उत्तरपाड्याने केले, आणि येथे आमच्या काँटेसाची कथा सुरू होते.

इंग्लंडमध्ये ल्यूटन येथील व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टर नावाची ऐसपैस मोटार होती. व्ही.एक्स. या नावाने निघालेली तिची शेवटची आवृत्ती १९७८ मध्ये बंद झाली. तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने विकत घेतले आणि त्यांतून १९८४ मध्ये काँटेसा बाजारात आली. लांब बॉनेट, रुंद छाती, बसका बांधा. अमेरिकेत ज्या दणकट मोटारींना 'मसल कार' म्हणतात त्यांचे रूप तिच्यात पुष्कळांना दिसले, आणि आजही तिचे चाहते तिला भारताची मसल कार म्हणतात. रूपाला शोभेसे बळ मात्र पोटात नव्हते. एवढ्या देहात बसविले होते ते ॲम्बॅसडरचेच सुमारे दीड लिटरचे, पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन, व त्यामागे चार गतींचा गिअरबॉक्स. पहिलवानाच्या अंगरख्यात शाळामास्तर उभा करावा तसा तो प्रकार होता. आमची मोटार याच पहिल्या पिढीची.

कारखान्यास हे उणे दिसत नव्हते असे नाही. जपानच्या इसुझू कंपनीशी करार झाला. मध्यप्रदेशातच, इंदूरजवळच्या पिथमपूर येथे, इंजिने व गिअरबॉक्स तयार करण्याचा कारखाना निघाला. आणि १९८७ च्या सुमारास १.८ लिटरचे, सुमारे ८८ अश्वशक्तीचे इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स घेऊन काँटेसा क्लासिक अवतरली. १९९२ मध्ये तेच घराणे ॲम्बॅसडरमध्येही आले आणि दांडा खांबावरून खाली जमिनीवर उतरला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उत्तरपाड्याने जुन्या इंजिनाला केवळ नवा गिअरबॉक्स जोडून समाधान मानले नाही. इंजिन व गिअरबॉक्स जोडीने बदलले. याचे कारण पुढे येईल. काँटेसाचे उत्पादन २००२ मध्ये थांबले व ॲम्बॅसडरचे २०१४ मध्ये.

आमच्यासारखा पेच ज्या देशात रोज शेकडो लोकांना पडत असेल तो अमेरिका. १९६४ च्या पाँटिॲक जी.टी.ओ. पासून तेथे या दणकट गाड्यांचा जमाना सुरू झाला असे सामान्यतः मानतात. त्यांचे चार गतींचे गिअरबॉक्सही नामांकित आहेत : बोर्ग-वॉर्नरचा टी-१०, जनरल मोटर्सचा मन्सी, फोर्डचा टॉपलोडर, क्रायस्लरचा ए-८३३. हे सारे मोठ्या इंजिनांचा मारा सोसण्यासाठी घडविलेले होते. एका बाबतीत मात्र त्यांची गत आमच्या गिअरबॉक्ससारखीच होती. चौथा गिअर म्हणजे इंजिनाचा एक फेरा तो पुढे जाणाऱ्या शाफ्टचा एक फेरा. त्यापलीकडे विसावा नाही. पेट्रोल पाण्यासारखे स्वस्त होते तोवर याची कोणी फिकीर केली नाही. १९७३ चे तेलसंकट आले आणि पाचव्या गिअरची आठवण झाली. पाचव्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरतो, म्हणून तोच वेग राखून इंजिन सावकाश चालते. बोर्ग-वॉर्नरचा टी-५ हा पाच गतींचा गिअरबॉक्स १९८३ मध्ये मस्टँगला मिळाला. पुढे मेक्सिकोत सुरू झालेल्या ट्रेमेक कंपनीने जुन्या गाड्यांत बसतील असे पाच गतींचे गिअरबॉक्स मुद्दाम तयार केले, आणि मालकांत दोन पंथ पडले. एक म्हणे, कारखान्यातून निघाली तीच चक्रे, तेच कोरीव क्रमांक. ती गेली तर गाडीचे मोल गेले. दुसरा म्हणे, गाडी चालविण्यासाठी आहे, झाकून ठेवण्यासाठी नाही. दोघांचेही खरे आहे. मात्र ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला विचारतो, ही वस्तू कोणती? दुसरा विचारतो, ही वस्तू कशासाठी?

भिलईत राहणाऱ्या माणसास हा वाद अपरिचित वाटू नये. आमचे गावच या प्रश्नावर वसलेले आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात भिलईच्या कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षास दहा लाख टन पोलाद हे उद्दिष्ट होते. पोलाद करण्यासाठी निवडली होती ती ओपन हार्थ भट्टी. तिचे तंत्र एकोणिसाव्या शतकातले. ऑस्ट्रियात लिंझ येथे शुद्ध प्राणवायू फुंकून पोलाद करण्याची नवी रीत १९५२ मध्येच चालू झाली होती, आणि जर्मनांच्या साह्याने उभ्या राहिलेल्या राउरकेल्याने तिचा अंगीकार केला. ओपन हार्थमध्ये एक घाणा निघावयास आठदहा तास लागत; नव्या पात्रात ते काम तासाच्या आत होते. मग भिलईने चूक केली काय? आम्हांस तसे वाटत नाही. शेतातून व रेल्वेच्या कंत्राटांतून आलेली हजारो माणसे प्रथमच पोलादापुढे उभी राहणार होती. संथ भट्टीत चूक दुरुस्त करावयास वेळ मिळतो, आणि तिच्या एकेका खोडीचा अनुभव शिकविणाऱ्यांच्या गाठीस होता. नवशिक्याने सिद्ध झालेली वाट धरली, यात लाज नाही.

पुढील इतिहास मात्र अधिक बोधप्रद आहे. जुन्या भट्ट्या मागे पडत आहेत हे दिसू लागले तेव्हा भिलईने त्या एकदम पाडल्या नाहीत. त्यांचे रूपांतर जोडभट्ट्यांत केले. एका कुंडात प्राणवायूच्या फुंकीने पोलाद शिजत असता त्याचे तप्त वायू शेजारच्या कुंडातील माल तापवितात. बांधणी जुनी, चाल नवी. त्याचबरोबर १९८० च्या दशकात, चाळीस लाख टनांच्या विस्तारात, प्राणवायूची नवी पात्रे व अखंड ओतकामाची यंत्रणा असलेली दुसरी पोलादशाळा स्वतंत्रपणे उभी केली. जुने चालू ठेवून शेजारी नवे उभारावे, हीच रीत रुळांच्या बाबतीतही दिसली. वडिलांची रेल मिल तशीच ठेवून २०१७ मध्ये युनिव्हर्सल रेल मिल सुरू झाली व तीतून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघू लागला. २०१८ च्या फेब्रुवारीत ४,०६० घनमीटरची आठवी झोतभट्टी पेटली. तिचे नाव महामाया.

आणि झोतभट्ट्या? त्यांना दर काही वर्षांनी थंड करून आतील विटांचे अस्तर पूर्ण काढावे लागते. येथे त्यास 'कॅपिटल रिपेअर' म्हणतात आणि तो शब्द बायकामुलांच्या तोंडीही आहे. कारण त्या काळात घरची माणसे वेळेवर जेवावयास येत नाहीत. या दुरुस्तीत नुसत्या विटा बदलत नाहीत. थंड करण्याची सोय, मोजमापाची उपकरणे, माल घालण्याची रीत, जे सुधारता येईल ते त्याच वेळी सुधारून घेतात. बाहेरून भट्टी तीच, क्रमांक तोच. बांधणे आणि बदलणे यांमधली रेघ आम्ही समजतो तितकी ठळक नाही, हे भिलईच्या भट्ट्यांनी आम्हांस दाखविले.

ओपन हार्थ गेल्याबद्दल कोणी अश्रू ढाळल्याचे मात्र आमच्या ऐकण्यात नाही. तिच्या दारापुढे फावड्याने चुनखडी टाकणाऱ्या माणसाच्या भुवया जळत. आमचे वडील मिलमधले. परंतु शेजारच्या क्वार्टरमधील गृहस्थ भट्टीवर होते. उन्हाळ्यात ते घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नसत, अंगणात भिंतीला पाठ लावून बसत. जुन्याविषयी जिव्हाळा बाळगणाऱ्याने ते जुने कोणाच्या अंगावर चालत होते, हेही विचारले पाहिजे. आम्ही तो प्रश्न आमच्या मोटारीसही विचारला.

तिचे दुखणे असे होते. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये घरघर, चौथ्यात शांतता. तिसरा गिअर उतारावर आपोआप सुटून बाहेर येई. दुसरा घालताना खरड ऐकू येई. उस्तादांनी पेटी उघडण्यापूर्वीच निदान केले होते, व ते तर्काला धरून होते. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर सरळ पुढे जातो, खालच्या शाफ्टवर भार पडत नाही. इतर तिन्हींत पडतो. म्हणजे आवाज खालच्या शाफ्टच्या बेअरिंगांचा. तिसरा सुटतो म्हणजे त्यास धरून ठेवणारे लहान दाते गोलावले आहेत, अथवा गोळीमागची स्प्रिंग थकली आहे. दुसरा खरडतो म्हणजे पितळी कडे गेले. पेटी उघडल्यावर तिन्ही गोष्टी तशाच निघाल्या. कडी इतकी का झिजली, याचेही उत्तर मिळाले. मध्यंतरी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही तेल बदलून घेतले होते. मागच्या धुरीसाठी असलेल्या काही जाड तेलांत गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती पोलादाचे रक्षण करतात, परंतु पितळ खातात. तेच तेल येथे घातले गेले होते. चूक त्या कारागिराची जितकी, तितकीच डबा न वाचणाऱ्या आमची.

मोठी चक्रे मात्र शाबूत होती. दात तुटलेला नव्हता, पेटीस तडा नव्हता. ज्या वस्तू झिजण्यासाठीच केलेल्या असतात त्या झिजल्या होत्या, आणि ज्या टिकण्यासाठी केलेल्या असतात त्या टिकल्या होत्या. गिअरबॉक्स बांधावा की टाकावा, याची पहिली कसोटी आमच्या मते हीच.

आता तरुणाची बाजू. पाचव्या गिअरचा लाभ खरा आहे. समजा, ताशी ८० किलोमीटर वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेते. पाचव्यात तोच वेग २,४०० फेऱ्यांत मिळाला, तर मिनिटास ६०० फेरे वाचले. येथून राजनांदगाव, देवरी, भंडारा या वाटेने नागपूरकडे तीन तास असे चालले, तर एक लाख आठ हजार फेऱ्यांची बचत. पेट्रोल, झीज, कानांचा त्रास, सर्वच कमी. वर्षातून एकदा महालक्ष्म्यांना आम्ही नागपुरास जातो. त्या दिवशी पाचवा गिअर असता तर बरे झाले असते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

परंतु सावकाश फिरणाऱ्या इंजिनाने तीच गाडी ओढावयाची, तर त्याच्या अंगी तेवढे बळ हवे. अमेरिकन गाड्यांत ते उदंड असते; म्हणून तेथे पाचवा गिअर शोभतो. आमच्या पन्नास अश्वशक्तीच्या मास्तरास पाचव्यात घातले, तर वारा समोरून आला किंवा बाघनदीजवळचा चढ लागला की तो पुन्हा चौथ्याकडे धावणार. म्हणजे नव्या गिअरबॉक्सास नवे इंजिन हवे. उत्तरपाड्याने दोन्ही जोडीने का बदलले, ते आता उघड झाले. इंजिन बदलले की मागचा शाफ्ट कमीजास्त करावा लागतो, खालची आडपट्टी हलवावी लागते, वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो. शिवाय इंजिनाचा क्रमांक नोंदणीच्या पुस्तकात असतो. तो बदलावयाचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी पाहिजे. कारखान्याने ठरविलेल्या रचनेत मालकाने मनास येईल तसा फेरफार करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या व मूळ रूपात राखलेल्या मोटारीस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंद मिळते. आमच्या मोटारीस तो मान २०३५ मध्ये मिळेल. तेव्हा तिच्या पोटात पिथमपूरचे इंजिन निघाले, तर ती कोणत्या तोंडाने १९८५ ची म्हणविणार?

सुधारणेस सुरुवात असते, पण तिचा शेवट आपल्या हाती नसतो. एक कडी बदलली की शेजारची मागणी करते. ज्याच्या मोटारीत इसुझूचे इंजिन आधीपासून आहे, अथवा जो महिन्यातून चार वेळा नागपूर गाठतो, त्याने पाच गिअरचा विचार अवश्य करावा. त्यास आम्ही जुन्याचा द्रोही म्हणणार नाही. आमची मोटार आठवड्यातून दोनदा सिव्हिक सेंटरपर्यंत जाते. तिच्याकडून आम्हांस फार काही नको आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही नंदिनी रोडवर गेलो आणि "बाँध दीजिए" म्हणालो. मात्र कॅपिटल रिपेअरची शिकवण विसरलो नाही. पेटी उघडलीच आहे तर बेअरिंगे, तेलाचे सील, स्प्रिंगा, क्लचची प्लेट, सारे नवे घालून घेतले. योग्य तेलाचे नाव एका कागदावर लिहून तो कागद बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटविला. तरुण कारागिरास वाईट वाटले असेल असे आम्ही समजत होतो. पण खालचा शाफ्ट बसविताना बारीक सुयांसारखी बेअरिंगे ग्रीस लावून एकेक कशी चिकटवावी, हे उस्ताद त्यास दाखवीत होते आणि तो मान खाली घालून पाहत होता. उस्तादांचे डोळे आता अधू झाले आहेत. शेवटच्या काही सुया त्यानेच बसविल्या. हा हातचा गुण पाच गिअरचा तयार गिअरबॉक्स बसविताना त्यास शिकावा लागला नसता.

दसऱ्यास मोटारीची पूजा केली आणि जी.ई. रोडने राजनांदगावपर्यंत जाऊन आलो. दुसरा गिअर निमूट बसतो; तिसरा उतारावर सुटत नाही. परतताना सुपेल्याच्या चौकात लाल दिवा लागला. गाडी अजून किंचित सरकत होती आणि आमचा हात पहिल्या गिअरकडे गेला. मागच्या आसनावरून आईचा आवाज आला, "थांबू दे आधी पूर्ण." वडील आम्हांस शिकविताना हेच सांगत, आणि त्या वेळीही ती मागेच बसलेली असे. आम्ही हात मागे घेतला, गाडी पूर्ण थांबू दिली आणि मग पहिला घातला.